एकेकटा फोटॉन अणूंमध्ये साठवताय? मग या चुका टाळा

रुबिडियम या धातूच्या वाफेत प्रकाश साठवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये दोन गटांनी प्रकाशाचा स्पंद (पल्स) अणूंमध्ये थांबवून पुन्हा सोडून दाखवला. एकाने थंड सोडियममध्ये, दुसऱ्याने चक्क गरम रुबिडियमच्या वाफेत. २००५ मध्ये हार्वर्ड आणि जॉर्जिया टेकच्या गटांनी एका अणुसंचातून निघालेला एकेकटा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, दुसऱ्या अणुसंचात साठवला. वीस वर्षं झाली या गोष्टीला. काय बिघडू शकतं याची यादी या क्षेत्रातल्या कुणालाही तोंडपाठ असते. तरीही नव्या प्रयोगांमध्ये त्याच त्या चुका होतात आणि मग विद्यार्थी संध्याकाळी मला ग्राफ पाठवून विचारतात, "मॅम, हे बरोबर आहे ना?" २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींची मंजुरी मिळाल्यापासून असे ग्राफ जरा जास्तच यायला लागलेत. तोंडी सांगून दमले, म्हणून आता लिहून काढते.

आधी दोन ओळींत प्रयोग. रुबिडियम-८७ ची सर्वांत खालची पातळी दोन भागांत विभागलेली असते आणि त्यांच्यात ६.८३ गिगाहर्ट्झचं अंतर असतं. एका भागावरून ७९५ नॅनोमीटरचा सिग्नल फोटॉन वरच्या पातळीकडे बोट दाखवतो, दुसऱ्या भागावरून कंट्रोल लेझर त्याच पातळीकडे. कंट्रोल चालू असला की एरवी अपारदर्शक असलेली वाफ सिग्नलपुरती पारदर्शक होते आणि सिग्नल तिच्यातून रांगत जातो. याला ईआयटी, म्हणजे विद्युतचुंबकीय प्रेरित पारदर्शकता म्हणतात. सिग्नल आत असताना कंट्रोल बंद केला की फोटॉन अणूंच्या सामूहिक स्पिन-लहरीत, म्हणजे सगळ्या अणूंत मिळून पसरलेल्या ठशात, उतरतो. कंट्रोल पुन्हा लावला की बाहेर येतो. हीच क्वांटम मेमरी. पुस्तकात हे अर्ध्या पानात होतं.

काही न पाठवता काय बाहेर येतं?

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ग्राफला मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि बहुतेकांकडे त्याचं उत्तर नसतं.

जरा हिशोब करा. ७९५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २.५ × १०⁻¹⁹ ज्यूल. तुमचा कंट्रोल लेझर १ मिलिवॉटचा आहे आणि फोटॉन बाहेर काढायला तो १ मायक्रोसेकंद लावता, असं धरा. तेवढ्या वेळात त्यात सुमारे ४०० कोटी फोटॉन असतात. त्याच नळीतून, त्याच दिशेने, त्याच क्षणी तुम्हाला हवा असलेला एक फोटॉन बाहेर येतो. दर खेपेला कंट्रोलचा सरासरी शंभरावा हिस्सा फोटॉनच डिटेक्टरवर पडावा अशी इच्छा असेल, तर कंट्रोल ११६ डेसिबलने दाबावा लागतो (दर १० डेसिबलला प्रकाश दहापट कमी). चांगल्या ध्रुवक प्रिझमने ५० मिळतात असं कॅटलॉग सांगतो. सेलच्या, म्हणजे वाफ भरलेल्या नळीच्या, काचा तापल्या की त्यांत ताण येतो, ध्रुवीकरण बिघडतं आणि प्रत्यक्षात ४० वर समाधान मानावं लागतं. उरलेलं सगळं एटालॉननी, म्हणजे ठरावीक वारंवारतेचाच प्रकाश सोडणाऱ्या गाळण्यांनी करायचं.

एका विद्यार्थ्याचा किस्सा सांगते. संस्था कुठली ते सोडून द्या. त्याने पाठवलेला ग्राफ देखणा होता. साठवणुकीचा काळ वाढवत नेला तरी बाहेर येणारं शिखर फारसं खाली येत नव्हतं. साध्या सेलमध्ये, चुंबकीय कवच धड नसताना, एवढं आयुष्य? गाईडसुद्धा खूश होते, शोधनिबंधाचा मसुदा अर्धा झाला होता. मी कळवलं, सिग्नलच्या वाटेत काळा पुठ्ठा ठेव आणि हीच मोजणी पुन्हा कर. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला, आवाज पडलेला. पुठ्ठा ठेवल्यावरही शिखर जवळपास तसंच होतं.

झालं होतं असं की कंट्रोल पुन्हा चालू होताना त्याची गळती डिटेक्टरवर पडत होती आणि तिचा आकार हुबेहूब बाहेर येणाऱ्या स्पंदासारखा दिसत होता. दिसणारच, कारण स्पंदाचा आकार कंट्रोलच ठरवतो. गळतीला साठवणुकीच्या काळाशी देणंघेणं नसतं, म्हणून ती कमी होत नव्हती. खरी मेमरी त्या ढिगाच्या टोकावर बारीकशी होती आणि काही मायक्रोसेकंदांत विझत होती. सगळ्यांत खटकलेली गोष्ट अशी की हे सगळं त्याच्या आकडेमोडीत दिसत होतं. घातांकी घट बसवताना त्याने सूत्रात एक स्थिरांक मोकळा सोडला होता. सॉफ्टवेअरने तो भलामोठा काढून दिला. तो कशाचा आहे हे कुणी विचारलं नाही. वक्र बिंदूंवर छान बसला ना, मग झालं.

गळती निदान गाळता तरी येते. दुसरा गोंगाट त्याहून चिवट. कंट्रोल लेझर फक्त आपल्याला हव्या त्या पातळीवर काम करत नाही, ६.८३ गिगाहर्ट्झ दूर राहून तो दुसऱ्या पातळीलाही थोडा थोडा डिवचत राहतो. त्यातून चार लहरींच्या मिश्रणाने नेमका सिग्नलच्याच वारंवारतेचा फोटॉन तयार होतो. त्याला कुठलाही एटालॉन अडवू शकत नाही, कारण एटालॉनच्या दृष्टीने तो तुमचाच फोटॉन असतो.

दोन्हीतला फरक ओळखायची माझी पद्धत ओबडधोबड आहे. सेल थंड होऊ द्यायचा. सिग्नल झाकलेला, कंट्रोल चालू, मोजणी सुरू. सेल गार झाल्यावरही आकडा तेवढाच राहिला तर ती गळती, तिचा अणूंशी संबंध नाही, फिल्टरकडे जा. तापमानाबरोबर आकडा खाली आला तर गोंगाट अणूंमधून येतोय. फिल्टर विकत घेऊन पैसे घालवू नका, कंट्रोलची शक्ती कमी करा, तापमान उतरवा, ध्रुवीकरणाची जोडी बदलून पाहा. बफर गॅस (अणूंची धावाधाव आवरायला घातलेला निष्क्रिय वायू) भरलेल्या सेलमध्ये टकरींमुळे येणारी प्रतिदीप्तीही याच दुसऱ्या खात्यात जाते.

आणि मोजणी चार तऱ्हांची हवी: दोन्ही चालू, फक्त सिग्नल, फक्त कंट्रोल, दोन्ही बंद. चौथी अंधारातली, डिटेक्टरचे स्वतःचे ठोके मोजायला. या चारही मोजण्या आलटून पालटून घ्यायच्या, एका खेपेला ही, पुढच्या खेपेला ती. दिवसभर सिग्नल मोजून संध्याकाळी जाता जाता पाच मिनिटं पार्श्वभूमी घेणारे लोक मला माहीत आहेत. तोवर एटालॉन सरकलेला असतो. काचेच्या सलग एटालॉनची वारंवारता तापमानाच्या एका अंशाला २ ते ३ गिगाहर्ट्झ सरकते. म्हणजे अंशाचा शंभरावा भाग हलला तरी २०-३० मेगाहर्ट्झ गेले. एसी बंद करून घरी जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शेवटी एकच आकडा काढा: गोंगाटाचे फोटॉन भागिले कार्यक्षमता. म्हणजे सरासरी किती फोटॉन आत पाठवले असता बाहेरचा सिग्नल आणि गोंगाट सारखे होतील. हा आकडा १ च्या आसपास असेल तर तुमच्याकडे एकेकट्या फोटॉनची मेमरी नाही, मंद लेझरची आहे. तो १ पेक्षा बराच कमी हवा.

मंद केलेला लेझर म्हणजे एक फोटॉन नव्हे

फिल्टर लावत लावत लेझर सरासरी ०.१ फोटॉनपर्यंत उतरवला की काहींना वाटतं झालं काम. त्या स्पंदांपैकी ९० टक्के रिकामे असतात. उरलेल्यांपैकी साधारण ५ टक्क्यांत दोन किंवा अधिक फोटॉन असतात. आणखी मंद करा, दोन फोटॉन एकदम किती सापडतात हे सांगणारा सहसंबंधाचा आकडा जी-२ हा १ च राहणार. खरा एकेकटा फोटॉन असेल तर तो शून्याकडे जातो, ०.५ च्या खाली गेला तरच बोलायला जागा आहे. ग्रांजिए, रॉजे आणि आस्पे यांनी १९८६ मध्ये अर्धपारदर्शक आरशावर हेच दाखवलं होतं.

मंद लेझरने मेमरी तपासणं चूक नाही, मीही रोज तेच करते. पण मग शीर्षकात 'एकेकटा फोटॉन' लिहू नका. आणि जी-२ मधून पार्श्वभूमी वजा करून आकडा सुंदर करायची सवय तर मला अजिबात मान्य नाही. अशा मेमरी जोडून बनणाऱ्या क्वांटम नेटवर्कमधल्या पुढच्या केंद्राला तुमची वजाबाकी कळत नाही, त्याच्यापर्यंत गोंगाटासकटच फोटॉन पोहोचतो.

कोन देऊन सुटका

गळती त्रास देते म्हटल्यावर सगळ्यांना सुचणारा आडमार्ग हा. कंट्रोल आणि सिग्नल एका रेषेत न ठेवता एखाद्या अंशाचा कोन द्यायचा, सेलपुढे छिद्र ठेवायचं, कंट्रोल बाजूला निघून जातो. गळती धाडकन उतरते आणि त्याच दिवशी मेमरीही मरते.

कारण सोपं आहे. दोन किरणांच्या कोनातून स्पिन-लहरीची तरंगलांबी ठरते. १ अंशाला ती साधारण ४५ मायक्रॉन. गरम वाफेतला अणू कुठल्याही एका दिशेत सेकंदाला दीड-दोनशे मीटरने धावतो. या लहरीचा नमुना पुसून टाकायला त्याला जेमतेम ४० नॅनोसेकंद लागतात. किरणं एका रेषेत असली तर लहरीची लांबी फक्त ६.८३ गिगाहर्ट्झच्या फरकावर ठरते आणि ती ४ सेंटीमीटरहून जास्त भरते. अणू कितीही धावले तरी तेवढ्यात फारसं बिघडत नाही.

थंड अणूंवर काम करणाऱ्यांना कोन चालतो. १०० मायक्रोकेल्विनला वेग सेकंदाला १० सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्याच १ अंशात ७० मायक्रोसेकंद मिळतात. त्यांच्या शोधनिबंधातली आकृती बघून गरम सेलवर कोन लावू नका. बफर गॅस घातला तर थोडी सूट मिळते, पण फार नाही.

हीटर

हे प्रकरण मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण याच्यावर मी जितका वेळ वाया जाताना पाहिलाय तितका दुसऱ्या कशावरही नाही.

सेल ६०-७० अंशांना तापवावा लागतो, नाहीतर सिग्नल शोषायला पुरेसे अणूच नसतात. बाजारात हीटिंग टेप मिळते. पोरं ती सेलभोवती व्यवस्थित, एकाशेजारी एक वेढे देऊन गुंडाळतात, वरून फॉइल, आणि वीजपुरवठा जोडतात. आपण नुकतीच एक विद्युतचुंबकीय कॉइल बनवली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. साडेसात सेंटीमीटरच्या सेलवर १० वेढे आणि १ अँपिअर घेतलात तर आत १.६ गॉसहून अधिक क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आत-बाहेर असतं. रुबिडियम-८७ च्या शेजारच्या चुंबकीय उपपातळ्या एका गॉसला ०.७ मेगाहर्ट्झने फाकतात. म्हणजे या हीटरने त्या मेगाहर्ट्झहून जास्त फाकवल्या आणि वेगवेगळ्या उपपातळ्यांवर साठलेले स्पिन-लहरीचे तुकडे मायक्रोसेकंदाच्या आत एकमेकांशी ताल चुकायला लागले.

एका प्रयोगशाळेत यातून मजा झाली. साठवलेला सिग्नल विझायचा आणि मायक्रोसेकंदाच्या आसपास पुन्हा उगवायचा. पुन्हा विझायचा, पुन्हा उगवायचा. मुलगी हुशार, वाचन दांडगं. तिने वरिष्ठांना सांगितलं की अणूंमध्ये काहीतरी सामूहिक पुनरुज्जीवन होतंय, त्याचं प्रारूप बांधू या. आठवडाभर फळ्यावर समीकरणं चालली. चुंबकीय क्षेत्रात साठवलेला प्रकाश असा उगवतो-मावळतो हे थंड रुबिडियमवर २००६ मध्येच छापून आलंय, पण तिथे क्षेत्र मुद्दाम लावलेलं होतं. इथे कुणीच लावलं नव्हतं, म्हणून कुणाला संशयही आला नाही. मी तिथे पाहुणी म्हणून गेले होते. हीटरचा प्लग काढा म्हटलं. सेल गार व्हायला वेळ लागतो, पण क्षेत्र तत्क्षणी जातं. प्लग निघाला तसं पुनरुज्जीवनही निघालं.

तिने नंतर जे केलं ते मात्र बहुतेक जण करत नाहीत. हीटरचा प्रवाह थोडा थोडा बदलत तिने उगवण्याचा काळ मोजला, तो प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात निघाला, आणि त्यावरून आतलं क्षेत्र काढलं. बिघाडाचं तिने मापनयंत्र करून टाकलं. अशा विद्यार्थ्यांकडून मला मेल आलेली आवडते.

उपाय काय, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारा एकमेकींना पिळून घ्यायच्या, हीटर दुपदरी आणि उलट दिशांनी गुंडाळलेला घ्यायचा, आणि एवढं करूनही मोजणीच्या काही मिलिसेकंदांत प्रवाह तोडायचा. सेलची उष्णता तेवढ्यात कुठे पळून जात नाही. काही जण गरम हवा किंवा गरम तेल फिरवतात. दिसायला गबाळं, पण क्षेत्र शून्य. बाहेरून म्यू-मेटलचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं कवच, शक्य असेल तर तीन थरांचं. ते पाडू नका, त्यावर पाना आपटू नका, वाकवून बसवू नका. त्याचा गुण ठोके खाल्ल्यावर उतरतो. कवचाच्या आत पोलादी स्क्रू तर अजिबात नको, पितळी किंवा प्लॅस्टिकचे वापरा. स्टेनलेस म्हणून दुकानदार जो देतो त्यातलाही बराच माल चुंबकाला चिकटतो. खिशात छोटा चुंबक ठेवा आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू त्याला लावून बघा.

प्रयोग ५० हर्ट्झच्या विजेशी बांधून घेतला, म्हणजे प्रत्येक खेप विजेच्या लहरीच्या एकाच ठिकाणी सुरू केली, की उरलेली बरीच विखुरणी शांत होते. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते कंटाळवाणं, म्हणून कुणी करत नाही.

भराभर काही

सेलच्या खिडक्या रुबिडियमचा साठा असलेल्या दांड्यापेक्षा गरम ठेवा. नाहीतर रुबिडियम खिडकीवर जाऊन बसतं आणि आरसा तयार होतो.

दोन स्वतंत्र डायोड लेझर, दोन्ही वेगवेगळे रुबिडियमच्या रेषेवर (संतृप्त शोषणाने) बांधलेले, आणि त्यांच्याकडून ईआयटीची अपेक्षा? प्रत्येकाची रुंदी मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि तुमची पारदर्शकतेची खिडकी किलोहर्ट्झमध्ये मोजायची. दोघांच्या कला (फेज) एकमेकांशी बांधा, नाहीतर एकाच लेझरमधून दुसरी वारंवारता काढा.

स्पंद सेलमध्ये मावतो का? १ मायक्रोसेकंदाचा स्पंद मोकळ्या हवेत ३०० मीटर लांब असतो. साडेसात सेंटीमीटरच्या सेलमध्ये तो बसवायचा तर वेग ४,००० पटीने कमी व्हायला हवा. तसा झाला नाही तर पुढचं टोक निघून गेलेलं असतं आणि मागचं अजून आत यायचं असतं. स्पंदाचा आकार हाताने जुळवत बसू नका. बाहेर आलेला स्पंद काळात उलटा करून पुन्हा आत पाठवा, असं करत गेलं की दोन-चार फेऱ्यांत उत्तम आकार सापडतो. गॉर्शकोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलेली ही युक्ती आहे, आणि एवढा एक आडमार्ग मला मनापासून मान्य आहे.

कार्यक्षमता वाढत नाही म्हणून तापमान वाढवत जाणं म्हणजे भात शिजला नाही म्हणून गॅस मोठा करणं. खाली करपतं. अणू वाढले की चार लहरींचा गोंगाटही वाढतो, आणि एका अणूने सोडलेला फोटॉन दुसरा गिळतो, तो पुन्हा सोडतो, आणि स्पिन-लहरीची वाट लागते.

एओएम (ध्वनिलहरीने प्रकाश वळवून चालू-बंद करणारा स्फटिक) बंद केला म्हणजे कंट्रोल बंद झाला असं नाही. थोडा विखुरलेला प्रकाश येतच राहतो आणि साठवलेला फोटॉन हळूहळू बाहेर ओढतो. दोन एओएम एकामागोमाग लावा. शिवाय स्फटिकातून ध्वनिलहर जायला वेळ लागतो, टेल्युरियम डायऑक्साइडमध्ये मिलिमीटरला साधारण पाव मायक्रोसेकंद. वेळापत्रकात तो धरा.

स्फटिकातून मिळणाऱ्या जोडफोटॉनची रुंदी नॅनोमीटरमध्ये असते. ७९५ जवळ १ नॅनोमीटर म्हणजे ४७५ गिगाहर्ट्झ. तुमची मेमरी मेगाहर्ट्झचा घास घेते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्फटिक पोकळीत ठेवून रुंदी आवळा, किंवा फोटॉनही अणूंतूनच काढा.

पावसाळ्यात लेझर डायोड दवबिंदूच्या खाली थंड करू नका. पुण्यात जुलैमध्ये हे फार सहज होतं.

उपकरणांवरचे हिरवे-लाल दिवे काळ्या टेपने झाका. एकेक फोटॉन मोजणाऱ्याच्या खोलीत एसीचा डिस्प्लेसुद्धा सूर्य असतो. आणि डिटेक्टर चालू असताना खोलीचा दिवा लावणाऱ्याला माझ्याकडून क्षमा नाही.

कुठली कार्यक्षमता?

"मॅम, ८० टक्के आली!" येत असेल. पण ती सेलमधली. पुढे फायबरमध्ये शिरताना ६० टक्के, एटालॉनच्या रांगेतून २० टक्के, डिटेक्टरचे ६० टक्के. गुणाकार करा: ६ टक्क्यांच्या आत. नेटवर्कसाठी हाच आकडा महत्त्वाचा, कारण एकामागोमाग दोन केंद्रं लावली की त्याचा वर्ग होतो. दोन्ही आकडे लिहा, आणि ८० टक्के मथळ्यात व ६ टक्के तळटीपेत असं करू नका.

आयुष्याचंही तसंच. प्रकाश फायबरमध्ये १ किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद घेतो, आणि ७९५ नॅनोमीटरला त्यात साधारण अर्धा गमावतो. तुमची मेमरी ५ मायक्रोसेकंदांनंतर एकूण १० टक्के परत देत असेल, तर फायबरचं एक रीळ तिला हरवतं. रिळाला फोटॉन हवा तेव्हा सोडता येत नाही हे खरं, पण तुलना केलीच पाहिजे. १०० किलोमीटरच्या दुव्यावर निरोप एका बाजूने जायलाच अर्धा मिलिसेकंद लागतो. त्याहून कमी जगणारी मेमरी तिथे शोभेची. २०१६ मध्ये चीनमधल्या ह'फेच्या गटाने प्रकाशाच्या जाळीत धरलेल्या रुबिडियमवर ७६ टक्के कार्यक्षमता आणि ०.२२ सेकंदांचं आयुष्य एकत्र मिळवलं, ते म्हणूनच मोठं काम. मिनिटभर किंवा तासभर प्रकाश साठवल्याच्या बातम्या येतात, त्या प्रयोगांत भरपूर फोटॉनांचे लेझर स्पंद होते. बातमी वाचताना तेवढं पाहत जा.

गोंगाट टाळायला शिडीसारख्या पातळ्या वापरणाऱ्या मेमरी २०१८ मध्ये ऑक्सफर्ड आणि इस्रायलमधली वाइझमान संस्था इथून आल्या. गोंगाट जवळजवळ नाहीच, पण आयुष्य नॅनोसेकंदांत. गरम वाफेत गोंगाट की आयुष्य, यातलं एक सहसा निवडावं लागतं. दोन्ही मिळाल्याचा दावा कुणी केला तर त्याची पुठ्ठा ठेवून घेतलेली मोजणी मागा.

साठवलं, आता त्यांना भेटवू या

साठवणूक जमली की सगळ्यांना दोन फोटॉनांची भेट घडवायची घाई होते. फोटॉन एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना रिडबर्ग पातळीतल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर गेलेल्या अणूंचं रूप द्यावं लागतं. मग एकाच्या आसपास दुसरा तयारच होऊ शकत नाही, हाच अटकाव. २०१२ मध्ये हार्वर्ड-एमआयटीच्या गटाने यावरच दोन फोटॉन एकत्र आत शिरणार नाहीत असा थंड अणूंचा ढग दाखवला, २०१४ मध्ये जर्मनीतल्या गार्किंग आणि श्टुटगार्ट इथून एका फोटॉनने चालणारे स्विच आले.

इथली लाडकी चूक म्हणजे पातळी वर वर नेणं. दोन रिडबर्ग अणूंमधला जोर मुख्य पुंजांकाच्या (पातळीच्या क्रमांकाच्या) अकराव्या घाताने वाढतो, हे वाचून माणूस ५० वरून थेट १०० वर जातो. जोर २,००० पट होतो, खरं आहे. पण अटकावाची त्रिज्या जोराच्या सहाव्या मुळाने वाढते, म्हणजे साडेतीन पट. बदल्यात विद्युतक्षेत्राची संवेदनशीलता सातव्या घाताने वाढून बसते. १०० एस पातळी सेंटीमीटरला १० मिलिव्होल्ट इतक्या क्षेत्रानेही शेकडो किलोहर्ट्झ सरकते, आणि काचेवर बसलेल्या रुबिडियमकडून तेवढं क्षेत्र फुकटात मिळतं. ६०-७० वर आधी सगळं नीट चालवा, इलेक्ट्रोड लावून क्षेत्र शून्यावर आणा, मग वर चढा.

सिग्नलचा झोत अटकावाच्या त्रिज्येहून अरुंद हवा, म्हणजे दहाएक मायक्रॉनच्या आत. तो रुंद असला तर दोन फोटॉन शेजारून निघून जातात आणि तुम्ही अटकाव झाला नाही म्हणून लेझरला दोष देत बसता.

आणि रिडबर्ग पातळीत फोटॉन निवांत साठवता येतो असं समजू नका. ७८० आणि ४८० नॅनोमीटरची किरणं समोरासमोरून आणली तरी स्पिन-लहरीची लांबी सव्वा मायक्रॉनच राहते. १०० मायक्रोकेल्विनचे अणू ती सुमारे २ मायक्रोसेकंदांत पुसून टाकतात. साठवायचं खालच्या दोन पातळ्यांत, भेटीपुरतं वर न्यायचं, लगेच खाली आणायचं. शिवाय नेमक्या अनुनादावर बसलात तर दुसरा फोटॉन नुसता विखुरला जातो. तो स्विच झाला, कलेत फरक पाडणारं गेट नव्हे. गेट हवं असेल तर मधल्या पातळीपासून दूर जाऊन काम करावं लागतं, तिथे जोर पुरत नाही म्हणून अणूंची घनता वाढवावी लागते, आणि घनता वाढवली की रिडबर्ग इलेक्ट्रॉनच्या कक्षेतच दुसरे अणू येऊन पडतात आणि ताल बिघडवतात. गार्किंगच्या गटाने २०१९ मध्ये दोन फोटॉनांचं गेट छापलं, त्यातला कार्यक्षमतेचा परिच्छेद आधी वाचा आणि मगच आपल्या प्रस्तावात वेळापत्रक लिहा.